समोर येण्याला भांडण म्हणू नका

‘संघर्षाची भाषा सोडा, संवादाची भाषा धरा’ हा सल्ला महाराष्ट्रात इतक्या सहजपणे दिला जातो की त्याला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. धरणग्रस्तांच्या मोर्चाला तो ऐकवला जातो, संपावर गेलेल्या अंगणवाडी सेविकांना ऐकवला जातो, संस्थाचालकाकडे हिशेब मागणाऱ्या शिक्षकालाही ऐकवला जातो. त्यामागची मांडणी थोडक्यात अशी : इंग्रजीत जिला ‘कन्फ्रंटेशन’ म्हणतात ती पाश्चात्त्यांची रीत. कपाळाला कपाळ भिडवणं हाच तिचा धात्वर्थ. तिनं माणसं दुरावतात, समोरचा अधिकच ताठर होतो. आपली परंपरा समन्वयाची. बदल घडवायचाच असेल तर मनं वळवून, सावकाश, कुणाला न दुखावता घडवावा.

असं म्हणणारे सगळे लबाड नसतात. त्यांच्यात खरोखर भली माणसं आहेत, आणि भांडणांनी उद्ध्वस्त झालेली घरं नि संस्था त्यांनी पाहिलेल्या आहेत. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण शब्दाचा अर्थ ते अर्धाच सांगतात, इतिहास सोयीपुरता सांगतात, आणि या अर्धवटपणाची किंमत दरवेळी एकाच बाजूच्या माणसांना मोजावी लागते. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण पुरावा म्हणून त्यांनी तोच पुढे केला आहे. लॅटिनमध्ये ‘फ्रॉन्स’ म्हणजे कपाळ आणि ‘कॉन’ म्हणजे सह, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण यातून मध्ययुगीन लॅटिनमध्ये जे क्रियापद तयार झालं त्याचा अर्थ टक्कर देणं असा नव्हता. हद्द ठरवणं, हद्दीला हद्द लागून असणं, असा तो अर्थ होता. माझ्या शेताचा बांध जिथे संपतो तिथे तुझ्या शेताचा सुरू होतो, म्हणून आपण दोघं एकमेकांच्या समोर. पोर्तुगीज भाषेनं हा अर्थ आजतागायत जपला आहे. जमिनीच्या दस्तात उत्तरेला कुणाची मिळकत, दक्षिणेला कुणाची, पूर्वेला रस्ता की ओहोळ, याची नोंद तिथे ज्या शब्दाखाली होते तो याच कुळातला शब्द आहे. आपल्या खरेदीखतात त्या जागी ‘चतुःसीमा’ लिहितात. म्हणजे ज्या शब्दात कपाळमोक्षाशिवाय काही नाही असं आपल्याला सांगितलं जातं, तो शेजाराचा शब्द आहे. ज्यांची हद्द एकमेकांना लागून आहे आणि म्हणून ज्यांना एकमेकांना टाळता येत नाही, त्यांच्यातलं नातं तो सांगतो.

शेतातून हा शब्द न्यायालयात गेला. फ्रान्समध्ये १६७०च्या फौजदारी अध्यादेशानुसार तपास गुप्तपणे चाले. साक्षीदार न्यायाधीशापुढे एकटा बोले, कारकून ते उतरवून घेई, आरोपीला त्यातलं काही कळत नसे. या साऱ्या अंधारात एक टप्पा असा होता की साक्षीदाराला आरोपीसमोर उभं करावंच लागे. आक्षेप असेल तर आरोपीनं तो तिथल्या तिथे नोंदवायचा, मग साक्ष वाचून दाखवली जायची. त्या टप्प्याचं नाव कन्फ्रंटेशन. पद्धत क्रूरच होती, तिच्यात छळाला कायद्याची मान्यता होती. पण तिच्यातही माणसाला आपल्यावर आरोप करणाऱ्याचा चेहरा दिसण्याची जी एक वेळ होती, तिलाच हे नाव होतं.

इंग्लंडमधली गोष्ट आणखी बोलकी आहे. १६०३च्या नोव्हेंबरात विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. मुख्य पुरावा होता लॉर्ड कोबमचा जबाब, आणि तो कागदावर होता. रॅले पुन्हापुन्हा एकच मागत राहिला, की कोबम जिवंत आहे, जवळच कैदेत आहे, त्याला इथे आणा आणि माझ्या तोंडावर बोलू द्या. न्यायाधीशांनी नकार दिला. रॅलेला मृत्युदंड सुनावला गेला, तो वर्षानुवर्षं लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहिला आणि त्याच जुन्या शिक्षेखाली १६१८ साली त्याचं डोकं उडवलं गेलं. इंग्रजी कायद्याच्या स्मृतीत हा खटला सलत राहिला. अमेरिकेनं १७९१ साली आपल्या राज्यघटनेत सहावी दुरुस्ती केली, तेव्हा आरोपीला साक्षीदारासमोर येण्याचा जो हक्क दिला त्यात हेच क्रियापद वापरलं आहे. २००४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची नव्यानं व्याख्या केली, तेव्हाही निकालपत्रात रॅलेचा खटला आला.

इथे कोण कुणाला समोर बोलावत होतं? ज्याची मान सुरीखाली होती तो. आणि समोर येणं कोण टाळत होतं? ज्यांच्या हाती सुरी होती ते. समन्वयवाद्यांच्या मांडणीत ही बाजू उलटी होते. तिथे समोर येणारा आक्रमक ठरतो आणि कागदाआडून बोलणारा सभ्य.

या शब्दाला पुढे युद्धाचा वास लागला, हेही मी नाकारत नाही. १९६३ साली इंडोनेशियानं मलेशियाच्या स्थापनेविरुद्ध जे धोरण जाहीर केलं त्याचं अधिकृत नावच ‘कॉन्फ्रंतासी’ होतं. बोर्निओच्या जंगलात १९६६पर्यंत ते अघोषित युद्धासारखं चाललं. शीतयुद्धाच्या बातम्यांनी दोन सैन्यांच्या ताणाला हाच शब्द लावला, आणि मराठी वृत्तपत्रांच्या भाषांतरातून आपल्याकडे तो अर्थ रुजला. शब्दांचे अर्थ बदलतात, आणि धात्वर्थ म्हणजे काही कायदा नव्हे. पण धात्वर्थाचा आधार घ्यायचाच असेल तर तो पुरता घ्यावा, कपाळापाशीच थांबू नये.

आता ‘आपली परंपरा’. कुठली परंपरा? न्यायशास्त्रानं वाद, जल्प आणि वितंडा अशी चर्चेची प्रतवारी केली. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची पाडणं ही वितंडा. दोष वितंडेला दिला, वादाला नाही. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताला जागा नाही, असा इथल्या शास्त्रग्रंथांचा दंडक होता. म्हणजे विरोधकाला आपल्या ग्रंथात आणून, समोर बसवून, त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं.

शास्त्र्यांची गोष्ट वेगळी म्हणून कुणी ती बाजूला ठेवील. मग गावगाड्याकडे या. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा वाद निघाला की तो गोतसभेपुढे जाई. तिथे अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे वादी आणि प्रतिवादी, दोघांनाही हजर राहावं लागे. निवाडा मान्य करू असा दोघांचा राजीनामा आधी लिहून घेत (राजीनामा म्हणजे त्या काळी पद सोडल्याचं पत्र नव्हे, राजी असल्याची लेखी कबुली), जामीन घेत, दोघांच्या तकरिरी, म्हणजे म्हणणी, उतरवून घेत, मग साक्षी. आपल्या गावच्या गोतावर भरवसा नसेल तर वादी दुसरं थळ मागू शकत असे. निवाड्याचा महजर होई, त्यावर पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंतच्या निशाण्या पडत, आणि हरलेल्यानं जिंकलेल्याला येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचं पत्र, लिहून द्यायचं. ही पद्धत आदर्श होती असं मी म्हणत नाही. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती, आणि साक्षीनं भागलं नाही तर तापल्या लोखंडाचं दिव्य करायला लावत. पण तिचा पाया एकच होता : दोघं समोर आल्याशिवाय निवाडा नाही. हे पश्चिमेकडून आलेलं नाही. मोडी कागदांच्या रुमालांत ते जागोजागी आहे.

त्या कागदांतली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. शिवेच्या वादात महाराच्या शब्दाला मोठं वजन असे. गावाची हद्द कुठून कुठे जाते, कुठला दगड, कुठला ओढा, कुठलं झाड, हे त्याला माहीत असणं हे त्याचं वतनी कामच होतं. वाद पेटला की त्याला पुढे घालून शीव चालवत, आणि तो चालेल ती हद्द. पाटलाच्या शेताची सीमा ज्याच्या पावलांवर ठरत होती, त्याला त्याच सीमेच्या आतल्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता. गाव त्याला साक्षीदार म्हणून समोर बोलावत होतं, वादी म्हणून सहसा नाही. आपल्या ‘समन्वया’च्या परंपरेत ही तडजोड शतकानुशतकं बिनबोभाट चालली. तिच्यात कुणी दुखावलं गेलं नाही, कारण जो दुखावला जात होता त्याचं दुखणं मोजलंच जात नव्हतं.

म्हणून महाडकडे जावं लागतं. ‘आधी संवाद, मग बाकीचं’ या सूत्राची तिथे जितकी चोख परीक्षा झाली तितकी क्वचितच कुठे झाली असेल.

१९२३च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो बोलून, मतं वळवून, सभागृहात बहुमत मिळवून झाला. १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनंही त्याला अनुसरून चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. संवादाला याहून मोठं यश काय हवं? कौन्सिल पटलं, सरकार पटलं, गावची नगरपालिका पटली. कुणी दुखावलं नाही, कुठे दगड पडला नाही.

आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाला त्या तळ्याचं ओंजळभर पाणी पिता आलं नाही. मुसलमान त्या तळ्याचं पाणी वापरत होते, गुरंढोरं पीत होती. ठराव दप्तरात होता.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचं कामकाज आटोपल्यावर डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक रांगेनं बाजारपेठेतून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. एवढंच केलं. तोडफोड नाही, शिवीगाळ नाही, नवी मागणीही नाही. नगरपालिकेनं जे करायची मुभा तीन वर्षांपूर्वी दिली होती ते केलं. त्यानंतर गावात आवई उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर आला, परतीच्या वाटेवरच्या माणसांना गाठून मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. उलट हल्ला करायला तयार असलेल्या आपल्या लोकांना बाबासाहेबांनी थोपवून धरलं. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळ्याची ‘शुद्धी’ झाली.

समन्वयवादी इथे बोट ठेवतात. पाहा, म्हणतात, समोर गेल्यानं काय झालं? डोकी फुटली. थोडं थांबले असते तर?

पण डोकी फोडणारी ताकद त्या दिवशी जन्माला आली नव्हती. ती तिथे होतीच. तीन वर्षं कुणी तळ्याकडे फिरकलं नाही ते तिच्याच धाकानं. ती वापरावी लागत नव्हती, म्हणून दिसत नव्हती, आणि दिसत नव्हती म्हणून तिला शांतता हे नाव होतं. ज्या हिंसेला रोज उठून काठी उगारावी लागत नाही ती सर्वांत पक्की हिंसा. २० मार्चनं ती निर्माण केली नाही, रस्त्यावर आणली.

त्याहून महत्त्वाचं आहे ते पुढे घडलेलं, आणि सगळे वृत्तान्त मार्चच्या दंगलीपाशी संपवणाऱ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत मनाई करणाऱ्याला कुठेही सही करावी लागली नव्हती. मनाईला नाव नव्हतं, तारीख नव्हती, कारण नव्हतं. वहिवाट म्हटलं की झालं. मार्चनंतर हे सगळं बदललं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेला आपला १९२४चा ठराव उघडपणे, कागदावर रद्द करावा लागला. डिसेंबरात दुसरी परिषद आणि पुन्हा सत्याग्रह जाहीर झाला, तेव्हा विरोधकांना १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावा लागला. वादी म्हणून आपली नावं द्यावी लागली, तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे असं लिहून द्यावं लागलं, आणि मग ते सिद्धही करावं लागलं. दोन दिवसांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. २५ ते २७ डिसेंबरच्या परिषदेत, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेत, जिल्हाधिकारी स्वतः येऊन बोलले, आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करून तळ्याला मिरवणुकीनं फेरी काढायचं ठरवलं. न्यायालयाच्या हुकमाचा मान राखणारा माणूस भांडखोर असतो का? हा तोच माणूस, ज्याच्या परिषदेत दोन दिवस आधी मनुस्मृती जाळली गेली होती. दोन्ही कृत्यांत मला विसंगती दिसत नाही. जे नाकारायचं ते उघड, सर्वांसमक्ष, स्वतःचं नाव लावून नाकारायचं, आणि जिथे निवाडा व्हायचा आहे तिथे हजर राहायचं, अशी ती एकच रीत होती.

दावा दहा वर्षं चालला. १९३१ साली खालच्या न्यायालयात वादी हरले, १९३३ साली अपिलात हरले, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही त्यांचं अपील फेटाळलं. अनादी म्हणवणारी वहिवाट सिद्ध होत नाही, असा तो निकाल. शतकांच्या नावावर खपणारी गोष्ट साक्षीच्या पिंजऱ्यात टिकली नाही. समोर आलंच नसतं तर ती आजही अनादीच राहिली असती.

गांधीजींचं नाव या चर्चेत हमखास घेतलं जातं, हृदयपरिवर्तनाचे आचार्य म्हणून. २ मार्च १९३० रोजी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिलं. मिठाचा कायदा आपण मोडणार हे त्यात आधीच कळवलं होतं, का मोडणार याची कारणं दिली होती, आणि बोलायची तयारी असेल तर अजून वेळ आहे असंही सुचवलं होतं. ज्याच्या विरोधात उभं राहायचं त्याला आधी कळवून उभं राहणं, यापेक्षा समोरासमोर आणखी काय असतं? त्याच दिवशी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे सूत्रधार. एकाच तारखेला दोन दारांवर थाप पडली. साबरमतीच्या पत्राला आपण धैर्य म्हणतो आणि शाळेत शिकवतो. गोदाकाठच्या त्या रांगेला मात्र त्या वेळी अनेक सुशिक्षित घरांत आततायीपणा म्हटलं गेलं, आणि तो शब्द अजून पुसला गेलेला नाही.

नाशिकला समोरच्या बाजूनं काय केलं ते पाहा. मंदिराचे दरवाजेच बंद केले. सनातन्यांनी स्वतःची पूजा अडवून घेतली, पण समोर येणं टाळलं. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. मागणीच्या मापानं पाहिलं तर ते अपयश. पण बाबासाहेबांनी १९३४च्या मार्चमध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केलं की मूर्तिपूजेची ओढ हा हेतू नव्हताच. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावं, यासाठी तो मार्ग धरला होता. बंद दारासमोर उभं राहिल्यावर जे कळतं ते घरी बसून कळत नाही. पुढच्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ज्याला दार उघडून घ्यायचं नाही असं ठरवायचं आहे, त्यालाही आधी दारापर्यंत जावं लागतं.

संवादाचे आजचे पुरस्कर्ते म्हणतील, ते दिवस गेले, आता लोकशाही आहे, अर्ज करता येतो, मंत्र्यांचे जनता दरबार भरतात. या ‘दरबार’ शब्दाला मी हरकत घेतो, पण त्याहून जास्त हरकत आहे ती तिथल्या मांडणीला. दरबारात नागरिक अर्ज घेऊन रांगेत उभा असतो आणि अधिकारी बसलेला असतो. प्रश्न नागरिकाला विचारले जातात : कागद आणलेत का, आधी कुठे गेला होतात? याच्या शेजारी राजस्थानातली जनसुनावणी ठेवून पाहा. मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४च्या डिसेंबरात कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी घेतली. मजुरीची मस्टर मिळवायची, गावासमोर मोठ्यानं वाचायची, आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनी उठून सांगायचं की हे काम मी केलं की नाही, हे पैसे मला मिळाले की नाही. मेलेल्या माणसांची नावं निघाली, कधी न झालेली कामं निघाली. सरकारी कागद आणि ज्याच्याविषयी तो कागद आहे ते माणूस, दोघांना समोरासमोर उभं केलं. रॅलेनं याहून वेगळं काही मागितलं नव्हतं. कागद एकटा असतो तोवर तो खरा असतो.

त्या मंडपांतून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली, २००५ साली कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ आलं, ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण करण्याचं. पर्यावरणाच्या २००६च्या अधिसूचनेनं अनेक प्रकल्पांआधी जनसुनावणी बंधनकारक ठेवली आणि तिचं इतिवृत्त तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला सांगितलं. २०२०च्या मसुद्यात या सुनावणीची सूचना तीस दिवसांऐवजी वीस दिवस आधी पुरे, असं सुचवलं गेलं. संवादाचे गोडवे आणि सुनावणीच्या दिवसांना कात्री, हे दोन्ही एकाच व्यवस्थेतून आलं तर लोकांनी कशावर विश्वास ठेवावा?

माझ्या बाजूला लागणारा सर्वांत कठीण आक्षेप अजून उरला आहे, आणि तो समन्वयवाद्यांकडून नव्हे, स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून येतो. त्यांचं म्हणणं असं, की समोरासमोर बसवणं हीच कितीदा बाईवरची जबरदस्ती असते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून ‘आता बोला, मिटवा’ म्हणणारी बैठक प्रत्येक तालुक्यात होते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाला आरोपीच्या नजरेसमोर साक्ष द्यायला लावणं हा दुसरा अत्याचार आहे.

हे सगळं मला मान्य आहे, आणि माझ्या मांडणीत ते बसवायला मला ओढाताण करावी लागत नाही. ‘पोक्सो’ कायद्याचं कलम ३६ सांगतं की साक्ष देताना मूल आरोपीसमोर येणार नाही याची काळजी न्यायालयानं घ्यायची. आरोपीला ऐकू यावं, वकिलाशी बोलता यावं, पण मुलावर त्याची नजर नको. आरोपीचा प्रश्न विचारण्याचा हक्क शाबूत राहतो, दहशतीचा हक्क जातो. महाराष्ट्र शासनाच्या एका खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं पडद्यावरून दिलेली साक्षही आरोपीच्या उपस्थितीतलीच मानली. म्हणजे समोर येण्याचा गाभा देहानं जवळ बसण्यात नाही. उत्तर द्यावं लागण्यात आहे. आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातलं कलम १० मला याहून महत्त्वाचं वाटतं. समेटाची प्रक्रिया सुरू करायची तर ती तक्रारदार स्त्रीनं मागितली तरच, आणि पैशांच्या देवघेवीवर समेट करायचा नाही. ‘समोर बसा आणि बोलून मिटवा’ हे सांगण्याचा अधिकार कायद्यानं तिच्याकडे ठेवला, साहेबाकडे नाही.

तालुक्याच्या त्या बैठकीला मी समोर येणं म्हणत नाही ते यासाठी. तिथे बाईला उत्तर मिळत नाही, तिलाच उत्तर द्यावं लागतं : भाजीत मीठ का नव्हतं, माहेरी का गेलीस. संवादाच्या नावाखाली चाललेली ती उलटतपासणी आहे. आणि ती भरवणारे बहुतेक लोक तेच असतात, जे मोर्चाला समन्वयाचा सल्ला देतात. कमजोरानं बलवानाला समोर बोलावलं की ते उद्धट ठरतं, बलवानानं कमजोराला समोर बसवलं की तो सुसंवाद होतो, हा दुटप्पीपणा त्यांना दिसायला हवा.

शेवटचं, ‘माणसं दुरावतात’. महाडच्या परिषदेचे संघटक रामचंद्र बाबाजी मोरे यांच्याबरोबर राबणाऱ्यांत अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस होते, दोघंही कायस्थ प्रभू. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण, आणि मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे तेच. पुढे ते बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे संपादक झाले. या माणसांची सहानुभूती आधीपासून असेल, पण आपण कुठे उभे आहोत हे जगाला दाखवायची जागा त्यांना तळ्याकाठी मिळाली. त्याआधीच्या गोड शांततेत त्यांना स्वजनांपासून वेगळं होऊन कुणाच्या शेजारी उभं राहण्याची सोयच नव्हती. चित्रे पुढे कोकणातल्या खोतीविरुद्धच्या लढ्यात उतरले. खोतांची कुळं होती कुणबी आणि महार, आणि महाडच्या दंगलीनंतर या दोन समाजांचं कधी जमणार नाही असं मानणारे पुष्कळ होते. बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार कुळं एकत्र चालली होती, आणि हिशेब खोताकडे मागितला जात होता.